पावसाळ्यात थायोफ्लेविनचे आलेख जुळत नाहीत: एबीटा-४२ आणि लहान रेणूंची चाचणी

महापे_गल्ली | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात पेप्टाइडवर काम करणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

मांडणी अशी: कृत्रिम एबीटा-४२ (अल्झायमरमध्ये मेंदूत साकळणारं ४२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड), ५ मायक्रोमोलर. फॉस्फेट बफर, पीएच ७.४. थायोफ्लेविन टी (साकळलेल्या पेप्टाइडला चिकटून चकाकणारा रंग) २० मायक्रोमोलर, ३७ अंश, ९६ वेलची, म्हणजे छोट्या कप्प्यांची, काळी प्लेट. पेप्टाइड एचएफआयपी या द्रावकात विरघळवून, द्रावक उडवून, कोरडी फिल्म करून ठेवलेलं. त्यावर कर्क्युमिन (हळदीतलं), ईजीसीजी (हिरव्या चहातलं), क्वेर्सेटिन (भाज्या-फळांतलं) आणि काही नवे रेणू, प्रत्येकी २० मायक्रोमोलर. उन्हाळ्यात नुसत्या पेप्टाइडचे चारही वेल एकमेकांवर बसायचे. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच लॉटच्या नव्या फिल्मचा आलेख कधी पहिल्या मिनिटापासून चढलेला असतो, तर कधी पाच-पाच तास सपाट.

आर्द्रतेचा खरंच इतका परिणाम होतो का? आणि दुसरं, ज्या रेणूंनी चकाकी ७०-८० टक्के कमी केली ते इनहिबिटर, म्हणजे साकळणं रोखणारे, आहेत असं मानून पुढे जावं का? त्याहून मोठा प्रश्नही विचारून ठेवतो: अल्झायमरमध्ये लहान रेणूने अ‍ॅग्रिगेशन (पेप्टाइडचं साकळणं) थांबवणं शक्य आहे असं आज कोणाला मनापासून वाटतं का?

रबाळे_लोकल | सोमवार, रात्री १०.१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, होतो, आणि तो नेमका फिल्मच्या पायरीवर होतो.

एचएफआयपी ५८-५९ अंशांना उकळतं, म्हणजे फार झटपट उडतं. उडताना नळी गार पडते. बाहेरची हवा पावसाळी असली की त्या गार भिंतीवर ओल धरते आणि फिल्म पाणी पिते. थोडं एचएफआयपी आणि थोडं पाणी एकत्र राहिलं तर त्या मिश्रणात पेप्टाइडच्या गाठी बांधायला अगदी पोषक स्थिती तयार होते. फ्युम हूडमध्ये नळ्या उघड्या ठेवून रात्रभर सुकवायची जी पद्धत सगळीकडे लिहिलेली असते ती कोरड्या हवेच्या गावांसाठी ठीक आहे. जुलैत महापेला नाही.

तुमच्याकडे करायचं ते असं. वायल फ्रीझरमधून काढून, न उघडता, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये अर्धा तास. पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ०.४५ मिलिग्रॅम पेप्टाइडला १०० मायक्रोलिटर एचएफआयपी, काचेच्या सिरिंजने. हे १ मिलिमोलर झालं. अर्धा-एक तास तसंच बंद ठेवा. मग लो-बाइंड नळ्यांत १०-१० मायक्रोलिटर, म्हणजे प्रत्येक नळीत १० नॅनोमोल. एचएफआयपी कोरड्या नायट्रोजनच्या मंद झोताखाली उडवा, नळ्या खोलीच्या तापमानाच्या धातूच्या ब्लॉकमध्ये ठेवून, म्हणजे त्या गार पडत नाहीत. त्यानंतर लगेच व्हॅक्यूममध्ये किमान एक तास. फिल्म पारदर्शक दिसायला हवी. पांढरट किंवा चिकट दिसली तर ती नळी वापरू नका. झाकण, पॅराफिल्म, सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत, उणे ८० ला.

एचएफआयपी डोळ्यांना आणि श्वासाला फार घातक आहे. हातमोजे, चष्मा आणि चालू हूड, यात सवलत नको.

निळी_टीप | सोमवार, रात्री १०.३२

+१. आणि रेणू विरघळवायच्या डीएमएसओ या द्रावकाची बाटलीसुद्धा बघा. तीही हवेतलं पाणी ओढते. रेणूंचे १० मिलिमोलर स्टॉक पावसाळ्यात महिनाभर उघडझाप केलेल्या बाटलीतून बनवले असतील तर पाण्यामुळे अर्धे रेणू तळाला बसलेले असतात आणि डोळ्याला दिसतही नाही. छोट्या सीलबंद वायल घ्या, एकदा उघडली की संपवा.

येऊर | सोमवार, रात्री ११.०५

मी एचएफआयपीच्या बाजूने नाही. कितीही सुकवलं तरी थोडं उरतंच, आणि उरलेलं एचएफआयपी स्वतःच पेप्टाइडला हेलिकल वळण देतं. शिवाय त्याने जुनी बीजं पूर्ण मोडतातच याची खात्री नाही. बीज म्हणजे आधीच तयार झालेला फायब्रिलचा, म्हणजे साकळलेल्या पेप्टाइडच्या धाग्याचा, तुकडा. तो अगदी किंचित असला तरी लॅग, म्हणजे आलेख चढायच्या आधीचा सपाट काळ, निम्म्यावर येतो. शून्य मिनिटापासून चढणारे आलेख म्हणजे बीजं आहेत, दुसरं काही नाही.

खात्रीचा मार्ग एकच, रेणू आकारानुसार वेगळे करणारा कॉलम. पेप्टाइड ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवा, सुपरडेक्स ७५ या कॉलमवर घाला, २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ०.२ मिलिमोलर ईडीटीए (धातू धरून ठेवणारं), पीएच ८ मध्ये बाहेर काढा, ०.५ मिलिलिटर प्रतिमिनिट. १०/३०० आकाराच्या कॉलमवर मोनोमर, म्हणजे सुटं पेप्टाइड, १४ मिलिलिटरच्या आसपास येतो, ग्वानिडिन त्याच्या बरंच मागून. शिखराचा फक्त मधला भाग गोळा करायचा, दोन्ही उतार सोडून द्यायचे. लो-बाइंड नळी आधीपासून बर्फात हवी. गोळा केल्यापासून प्लेट भरेपर्यंत जितका वेळ जाईल तितकं नुकसान, त्यामुळे प्लेटचा नकाशा, बफर, थायोफ्लेविन, रेणू हे सगळं कॉलम चालू असतानाच तयार ठेवा.

पीएच ८ का, असा प्रश्न येईल. ७.४ पेक्षा तिथे पेप्टाइडवर ऋणभार जास्त असतो आणि आलेख जास्त शिस्तीत येतात. पद्धत बसली की मग ७.४ वर या.

महापे_गल्ली | सोमवार, रात्री ११.२०

येऊर, कॉलमची यंत्रणा दुसऱ्या विभागाची आहे, आठवड्यातून एक दिवस मिळते. बाकीच्या दिवशी काय?

येऊर | सोमवार, रात्री ११.३४

मग बाकीच्या दिवशी प्लेटच लावू नका, खरंच. आठवड्याला एक नीट प्लेट पाच गोंधळलेल्या प्लेटांपेक्षा जास्त सांगते.

रबाळे_लोकल | मंगळवार, सकाळी ८.५०

येऊर यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण चाळीस रेणूंची पहिली चाळणी करायला आठवड्यातून एक दिवस पुरत नाही. मधला मार्ग आहे. १० नॅनोमोलची फिल्म १०० मायक्रोलिटर थंड १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे १०० मायक्रोमोलर. बर्फ घातलेल्या बाथ सोनिकेटरमध्ये पाच मिनिटं. मग ४ अंशांना अल्ट्रासेंट्रिफ्यूज, १,००,००० जी, एक तास, आणि फक्त वरचा तीन चतुर्थांश भाग घ्यायचा. बफरमध्ये २० पट पातळ केलं की ५ मायक्रोमोलर. अल्कली ०.५ मिलिमोलर उरतं, ते २० मिलिमोलर फॉस्फेट सहज सोसतं, तरी पीएच एकदा तपासून घ्या.

थेट डीएमएसओत विरघळवून बफरमध्ये टाकणं टाळा. बफरला स्पर्श होताच स्थानिक तीव्रता वाढते आणि तिथेच गाठी होतात.

वाशी_खाडी | मंगळवार, सकाळी ९.३०

सगळे शुद्धीकरणावर बोलताहेत, पण ५ मायक्रोमोलर हा आकडा कुठून आला? वायलवरचं वजन पाहून काढला असेल तर तो ५ नाही.

कृत्रिम पेप्टाइड सहसा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट क्षाराच्या रूपात येतं, वर पाणीही धरलेलं असतं. लेबलवरचं "९५ टक्के शुद्ध" हे एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या चाचणीतल्या शिखराबद्दल असतं. वजनातलं निव्वळ पेप्टाइड ७०-८० टक्केच असू शकतं. लॉटच्या प्रमाणपत्रावर निव्वळ पेप्टाइडचा वेगळा आकडा मागून घ्या, नाहीतर अमिनो आम्ल विश्लेषण करा.

२८० नॅनोमीटरला मोजायचं म्हटलं तर या पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, एकच टायरोसिन आहे, दहाव्या जागी. शोषणाचा गुणांक सुमारे १,४९०. म्हणजे १० मायक्रोमोलरला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.०१५ शोषण. नॅनोड्रॉप या छोट्या शोषणमापकावर हा आकडा गोंगाटात बुडतो. कॉलम असेल तर क्रोमॅटोग्रामच्या शिखराखालचं क्षेत्रफळ वापरा, नसेल तर पातळ करण्याआधी १०० मायक्रोमोलरलाच मोजा.

सानपाडा_०७ | मंगळवार, सकाळी १०.१०

आता दुसरा प्रश्न. यादीत कर्क्युमिन आहे म्हणून आधी तेच घेते.

कर्क्युमिन ४२५-४३० नॅनोमीटरला जोरदार शोषतं. थायोफ्लेविन तुम्ही ४४० ला उत्तेजित करता. म्हणजे प्रकाश थायोफ्लेविनपर्यंत पोचायच्या आधीच कर्क्युमिन त्यातला मोठा वाटा खातं. हिशेब करा: गुणांक ५०,००० धरला, २० मायक्रोमोलर, वेलमधली खोली अर्धा सेंटिमीटर. शोषण ०.५. तळापर्यंत ३२ टक्केच प्रकाश पोचतो, आणि सगळ्या खोलीची सरासरी काढली तर ५९ टक्के. एकही फायब्रिल कमी न होता चकाकी ४० टक्क्यांनी घटली. वर ते फायब्रिलवर थायोफ्लेविनच्याच जागांसाठी भांडतं, आणि बांधलं गेलं की स्वतः ५०० च्या पुढे चकाकतं. तुमच्या ७०-८० टक्क्यांतलं खरं किती, हे त्या प्लेटवरून कळणारच नाही.

साध्या तीन तपासण्या प्रत्येक रेणूला हव्यातच. रेणू आणि बफर, थायोफ्लेविनशिवाय. रेणू आणि थायोफ्लेविन, पेप्टाइडशिवाय. आणि सर्वांत महत्त्वाची: पूर्ण वाढलेले फायब्रिल घ्या, थायोफ्लेविनसकट चकाकी मोजा, मग रेणू घालून दोन मिनिटांत परत मोजा. तिथेच धाडकन पडली तर ती प्रकाशाची किंवा जागेच्या भांडणाची गोष्ट आहे. दोन मिनिटांत कुठलाही फायब्रिल विरघळत नाही. तासातासाने हळूहळू उतरली तर पुढे बघण्यासारखं काहीतरी आहे.

कळव्याची_मीनल | मंगळवार, दुपारी १२.४०

माझा विषय नाही, पण वाचतेय. मग रोज हळदीचं दूध घेऊन स्मृतिभ्रंश टळतो असं जे सगळीकडे फिरतं त्याचं काय?

सानपाडा_०७ | मंगळवार, दुपारी १.०५

मीनलताई, स्वयंपाकातली हळद खुशाल वापरा, पण औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका. हळदीत कर्क्युमिन दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं, त्यातलं आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं आणि यकृत ते लगेच बदलून टाकतं. प्रयोगशाळेतल्या बफरमध्ये, पीएच ७.४ आणि ३७ अंशांना, रक्तद्रव नसेल तर अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक तुटून जातं. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. घरात कोणाला विसराळूपणा जाणवत असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. थायरॉइड, ब१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही तसं होतं आणि त्यांवर इलाज आहे.

घोडबंदर_पायथा | मंगळवार, दुपारी २.२०

ईजीसीजीबद्दल भर. ते पीएच ७.४ ला हवेत ठेवलं की काही तासांत ऑक्सिडाइझ होतं, द्रावण पिवळट-तपकिरी दिसायला लागतं. त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. क्विनोन लायसिनला सहसंयुज बंधाने चिकटतं, पेरॉक्साइड ३५ व्या जागेच्या मेथिओनिनला ऑक्सिडाइझ करतं, आणि तसं ऑक्सिडाइझ झालेलं पेप्टाइड मुळातच हळू साकळतं. "ईजीसीजीने रोखलं" म्हणताना यातलं कोणतं ईजीसीजी? मास स्पेक्ट्रममध्ये १६ डाल्टन जास्त असलेलं शिखर शोधा. ते मोठं असेल तर तुम्ही ऑक्सिडीकरण मोजताय.

तरी ते टाकाऊ नाही. २००८ साली जर्मनीतल्या गटाने दाखवलं की ईजीसीजी एबीटा आणि अल्फा-सिन्यूक्लिन (पार्किन्सनशी जोडलेलं प्रथिन) या दोन्हींना फायब्रिलच्या वाटेवरून बाजूला काढून, विष न बनणाऱ्या, आकारहीन गोळ्यांकडे नेतं. फक्त ताजं बनवा, नायट्रोजन सोडलेल्या बफरमध्ये, आणि त्याच दिवशी संपवा.

क्वेर्सेटिनचं गाऱ्हाणं वेगळं. तसे अनेक रेणू २० मायक्रोमोलरला पाण्यात विरघळलेलेच नसतात, त्यांचे ५०-५०० नॅनोमीटरचे कलिल गोळे होतात आणि ते गोळे कुठलंही प्रथिन पृष्ठभागावर शोषून घेतात. २००८ मध्येच यावर शोधनिबंध आला होता की असे गोळे प्रथिनांच्या साकळलेल्या धाग्यांची, म्हणजे अ‍ॅमिलॉइडचीही वाढ रोखतात. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर, नुसता रेणू बफरमध्ये घालून बघा.

निळी_टीप | मंगळवार, दुपारी २.४५

कलिलाच्या तपासणीसाठी ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालतात, पण ते एबीटाच्या प्लेटमध्ये घालू नका. डिटर्जंटने या पेप्टाइडची गतीच बदलते. एखाद्या असंबंधित एन्झाइमवर तपासा, मॅलेट डिहायड्रोजनेज सोयीचं. रेणूने तेही थांबवलं आणि ट्रायटन घातल्यावर सुटलं, तर तो गोळ्यांचा खेळ.

रबाळे_लोकल | मंगळवार, दुपारी ३.३०

एवढं सगळं वाचून नवे लोक थायोफ्लेविनच सोडून देतील, आणि ते योग्य होणार नाही. सानपाडा यांच्या तीन तपासण्या केल्या तर पहिल्या चाळणीला त्याच्याइतकं स्वस्त आणि सलग वाचन देणारं दुसरं काही नाही. रंगहीन, ४०० नॅनोमीटरच्या वर न शोषणाऱ्या रेणूंसाठी तर बिनधास्त वापरा.

येऊर | मंगळवार, दुपारी ४.१०

बिनधास्त नको. थायोफ्लेविन ऑलिगोमर, म्हणजे थोड्या मोनोमरचे छोटे गट, दाखवत नाही, आणि आजाराच्या दृष्टीने तेच सर्वांत त्रासदायक मानले जातात. फायब्रिलच्या टोकाला मोनोमर जोडण्याची पायरी रोखणारा रेणू घ्या. आलेख छान उशिरा चढतो. पण मोनोमर संपत नाही, तो नव्या गाठी बांधायला उपलब्ध राहतो, आणि एकूण ऑलिगोमर वाढू शकतात. प्लेटवरचा सर्वांत देखणा इनहिबिटर पेशींवर सर्वांत वाईट ठरू शकतो.

म्हणून किती टक्के कमी झालं हा प्रश्नच अपुरा आहे. कोणती पायरी थांबली, हे विचारायला हवं.

तीन पायऱ्या आहेत. मोनोमर एकत्र येऊन पहिली गाठ. टोकाला वाढ. आणि फायब्रिलच्या अंगावर नव्या गाठी, म्हणजे दुय्यम न्यूक्लिएशन. एबीटा-४२ मध्ये ही तिसरीच बहुतांश ऑलिगोमर पुरवते, हे २०१३ मध्ये लुंड आणि केंब्रिजच्या गटांनी मांडलं.

वेगळं करायला तीन प्लेट लागतात. बीजाविना. दोन टक्के बीजासह. आणि तीस ते पन्नास टक्के बीजासह. बीज म्हणजे आदल्या दिवशीचे फायब्रिल, सोनिकेट केलेले, टक्केवारी मोनोमरच्या हिशेबाने. भरपूर बीज असताना आलेख पहिल्या क्षणापासून चढतो आणि त्याचा सुरुवातीचा उतार म्हणजे केवळ टोकाची वाढ. तिथे रेणूने काही केलं नाही, दोन टक्के बीजाला मात्र उशीर केला, तर तो दुय्यम न्यूक्लिएशन रोखतोय. बीजाविना उशीर, दोन टक्क्यांना काहीच नाही, तर पहिली गाठ. अ‍ॅमिलोफिट ही मोफत संगणक-प्रणाली २०१६ पासून आहे, तिच्यात हे सगळं एकत्र बसवता येतं. पण नुसत्या पेप्टाइडच्या किमान सहा-सात तीव्रता आधी द्या, एका तीव्रतेवर कुठलंही प्रारूप बसतं.

वाशी_खाडी | मंगळवार, संध्याकाळी ६.००

आणि दुसरी एक स्वतंत्र मोजणी जोडीला असू द्या. ठरावीक वेळी वेलमधून नमुना काढा, १,००,००० जी ला तासभर फिरवा, वरच्या द्रवात किती मोनोमर उरला ते एचपीएलसीवर बघा. यात प्रकाशाचा काही संबंधच नाही. थायोफ्लेविन म्हणतंय ८० टक्के रोखलं आणि वर मोनोमर शिल्लकच नाही, तर निकाल लागला.

ईडीटीए नसलेल्या बफरमध्ये काम असेल तर एक गोष्ट राहून जाते. एबीटा ६, १३ आणि १४ व्या हिस्टिडिनने तांबं-जस्त धरतं. रेणूवर कॅटेकॉल किंवा हायड्रॉक्सीक्विनोलीन असा धातू धरणारा गट असेल तर तो पाण्यातले धातूचे अंश उचलून घेतो आणि इनहिबिटर भासतो. एकदा ईडीटीएसह, एकदा त्याशिवाय.

पारसिक_डोंगर | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेलच. नमुना नळीत घेऊन पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात निघालात तर ऐरोली पुलावरच्या आणि जोडरस्त्यावरच्या वाहतुकीत दोन तास जातात आणि पाच तासांचा नमुना सात तासांचा होतो. ग्रिड, म्हणजे नमुना ठेवायची छोटी जाळी, आपल्या टेबलावरच बनवा.

कार्बन लावलेली ३०० मेशची तांब्याची ग्रिड, शक्यतो ग्लो डिस्चार्ज केलेली, म्हणजे तिच्यावर पाणी नीट पसरतं. त्यावर ५ मायक्रोलिटर नमुना, एक-दोन मिनिटं. फिल्टर कागदाच्या कडेने टिपून घ्या, मधोमध कागद लावू नका. पाण्याचा एक थेंब, टिपा. मग २ टक्के युरॅनिल अ‍ॅसिटेट, ४५ सेकंद, टिपा, वाळवा. फॉस्फेट जास्त असेल तर युरॅनिलबरोबर साका बसतो आणि काळे खडे दिसतात, म्हणून पाण्याची धुलाई टाळू नका. वाळलेली ग्रिड पेटीत, सिलिका जेलसह, आठवडाभर सहज टिकते. रेणू घातलेला आणि न घातलेला नमुना एकाच वेळचा हवा, आणि प्रत्येक ग्रिडचे निदान दहा वेगवेगळे चौकोन बघा. एका सुंदर चित्रावरून काही सिद्ध होत नाही.

निलाक्षी_ऐरोली | मंगळवार, रात्री ८.३०

संगणकावर डॉकिंग करून, म्हणजे प्रथिनाच्या संरचनेत बसवून पाहून, रेणू निवडलेत का? कारण आपल्याकडचे बहुतेक प्रबंध १आयवायटी ही एबीटा-४२ ची संरचना घेतात. ती ८० टक्के एचएफआयपी आणि २० टक्के पाण्यात मोजलेली आहे, म्हणून तिच्यात दोन ऐटदार हेलिक्स दिसतात. मेंदूतल्या द्रवात मोनोमरला तसा ठाम आकारच नाही. त्या हेलिक्समध्ये बसवलेल्या रेणूच्या बंधनऊर्जेला काही अर्थ उरत नाही.

फायब्रिलवर डॉक करायचं तर रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या फायब्रिलच्या २०२२ च्या, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेल्या संरचना आहेत, ७क्यू४बी आणि ७क्यू४एम. टाऊ या अल्झायमरमध्ये साकळणाऱ्या दुसऱ्या प्रथिनासाठीही तेच. २०१७ मध्ये मेंदूतल्या टाऊची घडी दिसली, आणि पुढे २०१९ मध्ये कळलं की हेपॅरिन घालून नळीत बनवलेल्या टाऊची घडी तिच्याशी जुळत नाही. हेपॅरिनच्या टाऊवर चाललेला रेणू रुग्णाच्या टाऊला ओळखेलच असं नाही.

घोडबंदर_पायथा | मंगळवार, रात्री ९.१०

धाग्याच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, मी लावतो. मला वाटतं, मोनोमरला पकडणारा लहान रेणू हे औषध होणार नाही.

तुलनेला टॅफामिडिस हे औषध घ्या. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन चार तुकड्यांचं, घट्ट घडीचं. त्यात थायरॉक्सिनसाठीचे दोन खळगे आधीच आहेत. टॅफामिडिस तिथे नॅनोमोलर ताकदीने बसतं, चारही तुकडे एकत्र धरतं, आणि सुटा तुकडाच मिळाला नाही की अ‍ॅमिलॉइड होत नाही. युरोपात २०११ मध्ये चेताविकारासाठी, अमेरिकेत २०१९ मध्ये हृदयविकारासाठी मंजुरी. लहान रेणूने अ‍ॅमिलॉइडचा आजार रोखता येतो याचा हा खणखणीत पुरावा. पण एबीटाला खळगाच नाही. क्षणोक्षणी आकार बदलणाऱ्या साखळीला रेणू मायक्रोमोलर ताकदीने ओझरता स्पर्श करतो. मेंदूत ती साखळी नॅनोमोलरच्याही खाली आहे. मग तितक्या दुबळ्या पकडीसाठी मेंदूत औषधाची पातळी मायक्रोमोलर ठेवावी लागेल, चोवीस तास.

इतिहासही तेच सांगतो, अल्झायमरवर तपासलेले हे लहान रेणू बघा. ट्रामिप्रोसेट २००७ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपयशी. सिलो-इनोसिटॉलच्या दोन मोठ्या मात्रा २००९ मध्ये मृत्यूंमुळे थांबवल्या. पीबीटी२ चं २०१४ मध्ये काही निष्पन्न झालं नाही. टाऊसाठी मिथिलीन ब्लूचं सुधारित रूप २०१६ मध्ये मुख्य निकषावर अयशस्वी.

येऊर | मंगळवार, रात्री १०.००

मोनोमरबद्दल मान्य. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

लक्ष्य मोनोमर का धरायचं? फायब्रिलच्या अंगावर ठरावीक जागा असतात आणि तिथे लहान रेणू उत्तम बसतात, हे रोज दवाखान्यात सिद्ध होतं. पिट्सबर्ग कम्पाउंड बी हा पेट स्कॅनचा रेणू थायोफ्लेविनपासूनच घडवलेला, २००४ मध्ये माणसांत वापरला गेला, नॅनोमोलर पकड, मेंदूत जातो. बांधणारा रेणू आहे, मेंदूत पोचणारा आहे. आता त्याच पृष्ठभागावर बसून दुय्यम न्यूक्लिएशन अडवणारा हवा. ते करता येतं हे ब्रिकोस या प्रथिनखंडाने २०१५ मध्ये दाखवलं: फायब्रिलच्या अंगाला चिकटून त्याने नेमकी तीच पायरी बंद केली. अशा रेणूला मोनोमरच्या बरोबरीने असण्याची गरज नाही, दहाला एक पुरेल. महापे_गल्ली, तुमच्या चाळणीत ५ ला २० हे प्रमाण आहे ना? तिथून ५ ला अर्धा मायक्रोमोलरपर्यंत खाली या. तिथेही जो परिणाम दाखवेल तोच रेणू पुढे न्या.

वाशी_खाडी | मंगळवार, रात्री १०.२५

प्रतिपिंडांचा अनुभवही येऊर यांच्या बाजूने आहे. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं प्रतिपिंड मोनोमरपेक्षा प्रोटोफायब्रिलना, म्हणजे फायब्रिल होण्याआधीच्या रूपाला, धरतं. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी. १८ महिन्यांत स्मृतिभ्रंशाच्या १८ गुणांच्या मापपट्टीवर ०.४५ चा फरक, म्हणजे घसरण २७ टक्के मंद. फरक लहान आहे, आणि सुमारे १२.६ टक्के रुग्णांत मेंदूला सूज दिसली, हेही तितकंच खरं. पण योग्य जागा पकडली तर आजाराची गती बदलते, एवढं त्यातून कळतं. शिरेतून पंधरवड्याला द्यायच्या औषधापेक्षा गोळी आपल्या रुग्णांना किती सोपी पडेल, ते सांगायला नको.

घोडबंदर यांच्या यादीत सेमागासेस्टॅट आणि व्हेरुबेसेस्टॅट नाहीत ते बरोबरच. ते एबीटाचं उत्पादन कमी करणारे होते. अनेक लेखांत त्यांना अ‍ॅग्रिगेशन इनहिबिटर म्हणून मोजतात.

घोडबंदर_पायथा | मंगळवार, रात्री १०.५०

दहाला एक या निकषावर टिकणारा, ४५० डाल्टनच्या आतला, मेंदूत जाणारा आणि कलिल न होणारा रेणू दाखवा, मी मत बदलेन. तोपर्यंत मोनोमरवरच्या चाळण्यांत पैसा घालू नये हे माझं म्हणणं कायम.

महापे_गल्ली | बुधवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉलमच्या दिवशी गुरुवारी पीएच ८ ला नुसत्या पेप्टाइडच्या सात तीव्रता लावतोय, १ ते ६ मायक्रोमोलर. रेणू नंतर. प्लेटच्या मांडणीबद्दल अजून काही?

निळी_टीप | बुधवार, सकाळी ८.४०

पेप्टाइडला न चिकटणारी, अर्ध्या क्षेत्रफळाची प्लेट घ्या, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. कडेचे ३६ वेल पाण्याने भरा, तिथे नमुना नको, बाष्पीभवन तिथेच जास्त. प्लेट बर्फावर भरा, पेप्टाइड सर्वांत शेवटी, हळू, टीप द्रवात बुडवून. शेवटचा थेंब फुंकून टाकू नका, त्यानेच बुडबुडे होतात. पारदर्शक फिल्मने सील, रीडर आधीच ३७ ला आलेला, वाचन तळातून, दर पाच मिनिटांनी. हलवणं पूर्ण बंद. काही यंत्रांत वाचनाआधीची थरथर मुळातच चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागते. आणि त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज किंवा शेकर नको.

थायोफ्लेविन ०.२ मायक्रॉनमधून गाळून, ४१२ नॅनोमीटरला तीव्रता तपासून घ्या. फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

पारसिक_डोंगर | बुधवार, सकाळी ९.०५

यूपीएसवर फक्त संगणक असतो आणि रीडर थेट भिंतीला, असं बऱ्याच ठिकाणी असतं. लाईट गेली की हीटर बंद, प्लेट ३७ वरून ३० वर, आणि आलेखात जी पायरी दिसते ती लोक दोन टप्प्यांची वाढ समजतात. रीडरच्या तापमानाची नोंद आलेखासोबत निर्यात करून ठेवा.

येऊर | बुधवार, सकाळी ९.२०

एक तीव्रता किमान तीन वेलमध्ये, आणि तीच प्लेट वेगळ्या शुद्धीकरणाने पुन्हा एकदा. अर्धकाळ, म्हणजे चकाकी निम्म्यावर पोचायचा वेळ, तीव्रतेविरुद्ध लॉग-लॉगवर काढा. एबीटा-४२ चा उतार उणे १.३ च्या आसपास यायला हवा. तो आला की रेणू काढा फ्रीझरमधून. नाही आला तर आलेख इथेच टाका, बघू.